साडेपाच तासांची ओळ

माझे वडील वाशीच्या बाजारात माथाडी होते. कोरेगाव तालुक्यातून आलेले. कांद्याची पोती पाठीवर वाहून त्यांनी मला इंजिनिअर केलं. मी नोकरीला लागल्यावर कधी घरी येऊन "आज फार दमले" म्हटलं की ते नुसते माझ्या हातांकडे बघायचे. एसीच्या खोलीत खुर्चीवर बसणाऱ्या माणसाला दमायला काय होतं, असं त्यांना वाटत असणार. आणि अशा नोकरीत कोणाचं आयुष्य बिघडू शकतं, हे तर मलाही वाटलं नव्हतं. ते मला समजलं त्या आठवड्याबद्दल लिहिते. संपादकांनी "तुमच्या क्षेत्रातल्या गमतीजमती" मागितल्या होत्या. एक गंमत आहे, ती आधी सांगून टाकते.

माझं काम होतं बिल्ड सांभाळण्याचं. प्रोग्रॅम लिहिणारे जे लिहितात ते मशीनला थेट समजत नाही. ते मशीनच्या भाषेत उतरवायचं, हजारो तुकडे एकमेकांना जोडायचे आणि शेवटी एक चालणारा प्रोग्रॅम बाहेर काढायचा, या सगळ्याला बिल्ड म्हणतात. आता तो बऱ्याचदा चहा संपायच्या आत होतो. नव्वदच्या दशकात त्याला तास लागायचे, आणि तो लांबला की सगळं ऑफिस खोळंबायचं. मग मला बोलावणं यायचं. डॉक्टरला पोटदुखीवाले येतात तसे माझ्याकडे मंद बिल्डवाले यायचे.

तर गंमत अशी की आमच्या एका गिऱ्हाइकाची बिल्डची मशीन पुण्याला होती आणि ती अधूनमधून, काही कारण नसताना, निम्म्या वेगाने चालायची. मी इथून महिनाभर आकडे तपासले. शेवटी स्वतः गेले. तिथल्या साहेबांनी मोठ्या हौसेने मला ती मशीन दाखवली. पडद्यावर रंगीत मासे पोहत होते, बुडबुडे येत होते. पाहुणे आले की साहेब मासे चालू करायचे. ते मासे पोहवण्यातच मशीनची निम्मी ताकद जात होती. मी मासे बंद केले आणि संध्याकाळच्या बसने घरी आले. साहेब नाराज झाले ते झालेच.

अशा चार-पाच केसेसमुळे माझं नाव झालं होतं. "जाधव मॅडमना दाखवा, त्या बरोबर शोधतात." हे ऐकायला मला आवडायचं, आणि हेच पुढे नडलं.

आमचं ऑफिस बेलापूरला होतं. आम्ही सव्वीस जण उत्तर जर्मनीतल्या एका बंदरासाठी सॉफ्टवेअर लिहीत होतो. जहाज लागलं की कुठला कंटेनर कुठे ठेवायचा, कुठल्या क्रेनने कुठे जायचं, हे ठरवणारं. लिहायचो आम्ही इथे, पण बिल्ड व्हायचा तिकडे, कारण ती महागडी मशीन त्यांची होती आणि ती बंदराबाहेर न्यायला त्यांची परवानगी नव्हती. आमचं सकाळपासूनचं काम दोन्हीकडचे कॉम्प्युटर जोडणाऱ्या एका भाड्याच्या लाइनवरून दुपारपर्यंत तिकडे जायचं. आमच्या दोन वाजता तिकडे बिल्ड आपोआप सुरू व्हायचा आणि साडेपाचपर्यंत संपायचा. काय जुळलं, काय तुटलं, ते घरी जायच्या आधी आम्हाला कळायचं. साडेतीन तास. त्या साडेतीन तासांवर सगळ्यांचा दिवस बांधलेला होता.

गणपती होऊन गेल्यानंतरच्या एका मंगळवारी हा बिल्ड नऊ तासांवर गेला.

बुधवारीही नऊ. गुरुवारी सकाळी डीटरचा फॅक्स आला. डीटर हा तिकडचा आमचा माणूस, मितभाषी, सगळं मिनिटांत मोजणारा. त्याने सोमवारपासूनच्या तीन दिवसांच्या वेळा एकाखाली एक लिहिल्या होत्या आणि खाली एकच प्रश्न: कारण काय? नऊ तास म्हणजे आमचे रात्रीचे अकरा. आज केलेली चूक उद्या सकाळी कळणार, म्हणजे कामाचा वेग सरळ अर्धा. बंदराचा नवा धक्का सुरू व्हायची तारीख ठरली होती आणि पुढच्याच आठवड्यात आमचा करार वाढवायचा की नाही हे त्यांच्याकडे ठरणार होतं.

आमचे प्रमुख भिडे सर. माणूस वाईट नव्हता, घाबरट होता. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं की शुक्रवारी संध्याकाळपर्यंत कारण हवं, आणि जर्मनांना पटेल असं लेखी हवं.

मी रजिस्टर काढलं. कोणी कुठली फाइल कधी बदलली याची त्यात नोंद असायची. मंगळवारी सगळ्यांच्या सामाईक फाइलीत एकच बदल झाला होता आणि तो विजय तांडेलने केला होता.

विजय दिवाळे गावातला, बेलापूरच्या खाडीकाठचा. वडिलांची होडी, आई मासे विकायची. त्यांच्या आळीतला तो पहिला इंजिनिअर. माझ्याहून चार वर्षांनी लहान, मला ताई म्हणायचा. पुढच्याच महिन्यात तो सहा महिन्यांसाठी जर्मनीला जाणार होता. पासपोर्ट झाला होता, व्हिसा झाला होता, घरी पूजाही झाली होती आणि आम्ही सगळे प्रसादाला जाऊन आलो होतो.

त्याने सामाईक फाइलीत एक ओळ घातली होती, आणि त्या ओळीमुळे दुसरी एक मोठी फाइल ओढली जात होती. सामाईक फाइल सगळेच वाचतात, म्हणून तिच्यावर ओझं घातलं की ते प्रत्येकाच्या डोक्यावर पडतं. बिल्ड मंदावण्याचं हे अगदी पुस्तकी कारण. मी विजयला बोलावून दाखवलं. तो शांतपणे म्हणाला, "ताई, माझ्या ओळीने दहा मिनिटं वाढतील, फार तर पंधरा. साडेपाच तास नाही वाढणार. तुम्ही मोजून बघा ना."

मोजायचं म्हणजे बाकी सगळं तसंच ठेवून फक्त त्याची ओळ काढायची, बिल्ड करायचा, आणि मग ओळ परत घालून पुन्हा बिल्ड करायचा. त्यात दोन दिवस गेले असते. सरांना इतका वेळ नव्हता, आणि खरं सांगायचं तर मला गरजच वाटत नव्हती. ठरलं असं की शुक्रवारी त्याची ओळ काढून टाकायची आणि काय होतं ते बघायचं.

शुक्रवारी सकाळी अकराला ओळ काढलेली फाइल तिकडे गेली. दुपारी बाराच्या सुमारास आमची लाइन बंद पडली. स्टेशनकडच्या रस्त्यावर खोदकाम चाललं होतं, त्यात केबल तुटली. तेव्हा नव्या मुंबईत आठवड्यातून एकदा काही ना काही तुटायचंच, कोणी त्याकडे बघितलंही नाही. टेलिफोन चालू होता, तेवढं पुरे होतं.

संध्याकाळी सहाला डीटरचा फॅक्स आला. तीन तास अठ्ठावीस मिनिटं. खाली लिहिलं होतं, धन्यवाद.

ऑफिसात टाळ्या पडल्या. कोणीतरी खालून समोसे आणले. विजय आपल्या जागेवर बसून होता, उठला नाही. मी त्याच संध्याकाळी इंग्रजीत एक पानी अहवाल लिहिला. मंगळवारच्या बदलामुळे बिल्ड मंदावला, बदल करणाऱ्याने परिणामांचा विचार केला नाही, बदल मागे घेतल्यावर वेळ पूर्ववत झाली, कारण निश्चित झाले आहे. 'निश्चित' हा शब्द मी मुद्दाम घातला, डीटरला आवडेल म्हणून. विजयचं नाव मी लिहिलं नव्हतं. भिडे सर म्हणाले, नाव लागतं, त्याशिवाय त्यांना वाटेल आपण लपवतोय. मी नाव घातलं, सही केली आणि अहवाल डीटरला गेला.

शनिवारी अर्धा दिवस ऑफिस असायचं. सरांनी विजयला बोलावून सांगितलं की त्याचं जर्मनीला जाणं रद्द झालं आहे आणि सोमवारपासून त्याने या कामावर यायचं नाही, दुसरं काही मिळेपर्यंत थांबायचं. विजय केबिनमधून बाहेर आला, राजीनामा लिहिला, सरांच्या टेबलावर ठेवला आणि डबा पिशवीत घालून निघून गेला. जाताना माझ्याकडे त्याने पाहिलं नाही. मलाही जरा बरंच वाटलं, कारण त्याने पाहिलं असतं तर काय बोलायचं ते मला सुचलं नसतं.

सोमवारी केबल जोडली गेली. बिल्डला नऊ तास लागले.

मंगळवारी सकाळी हे ऑफिसात कळलं. भिडे सर सगळ्यांसमोर म्हणाले, "तांडेलचंच काहीतरी मागे राहिलं असेल, शोधा." दोघा-तिघांनी माना हलवल्या. मी हलवली नाही, पण बोललेही नाही. जे काढलं होतं ते मीच माझ्या हाताने काढलं होतं. मागे काही राहिलेलं नव्हतं.

दुपारी मी मशीनच्या खोलीत जाऊन बसले. तिकडे जाणाऱ्या लाइनच्या पेटीवर एक हिरवा दिवा होता. काही जात-येत असलं की तो लुकलुकायचा, नाहीतर स्थिर. आमच्या फाइली दुपारी दीडपर्यंत पोचलेल्या असायच्या. त्यानंतर बिल्ड तिकडचा तिकडे व्हायचा, म्हणजे दोननंतर लाइन निवांत पडलेली असायला हवी. मी घड्याळ बघत होते. दोन वाजून एक मिनिटाने दिवा लुकलुकायला लागला आणि थांबेचना. अडीच झाले, तीन झाले, तो आपला लुकलुकतोच आहे.

इकडून कोणी काही पाठवत नव्हतं. मी बाहेर येऊन सगळ्यांना विचारून आले. मग खोलीबाहेर अडकवलेलं लाइनचं रजिस्टर काढलं. शुक्रवारची नोंद होती: बारा दहाला लाइन बंद. सोमवारी सकाळी दहाला चालू. त्या पानाकडे मी बघत राहिले. लाइन बंद होती त्या दिवशी बिल्ड जलद झाला होता. विजयची ओळ निघाली तोही तोच दिवस. एका दिवशी दोन गोष्टी बदलल्या होत्या आणि मी त्यातली एकच पाहिली होती.

लाइनवरून काय जातंय ते पडद्यावर दाखवणारा एक प्रोग्रॅम आमच्याकडे होता. तो चालू केला. पडदा भराभर सरकायला लागला. जर्मनीतली मशीन बेलापूरच्या आमच्या मशीनला एका फाइलीचं नाव सांगत होती आणि विचारत होती, ही तुझ्याकडे आहे का? आमची मशीन सांगत होती, नाही. लगेच पुढचं नाव. नाही. पुढचं. नाही.

इथे थोडं समजावून सांगते. प्रत्येक प्रोग्रॅमच्या सुरुवातीला लिहिलेलं असतं की मला वाचण्याआधी अमुक अमुक फाइली वाच. त्या फाइली कुठे शोधायच्या याची कपाटांची एक यादी मशीनला दिलेली असते. ती पहिल्या कपाटात बघते, नसेल तर दुसऱ्यात, मग तिसऱ्यात. कपाट त्याच खोलीत असेल तर या शोधाला काहीच वेळ लागत नाही. पण यादीतलं पहिलं कपाट समुद्रापलीकडे बेलापूरला असेल तर प्रत्येक वेळी विचारायला आणि 'नाही' ऐकायला अर्धा सेकंद जातो. मी तो अर्धा सेकंद मोजला. मग एका बिल्डमध्ये अशा किती विचारणा होतात ते मोजलं. चाळीस हजाराच्या आसपास. कागदावर गुणाकार केला. साडेपाच तास. साडेतीन आणि साडेपाच, नऊ.

हिशोब इतका तंतोतंत जुळला की मला क्षणभर आनंद झाला. खोटं कशाला बोलू, खरोखरच आनंद झाला. शुक्रवारचंही कोडं सुटलं. तिकडची मशीन रोज त्यांच्या सकाळी, म्हणजे आमच्या दुपारी एकच्या सुमारास, बंद करून पुन्हा चालू करायचे आणि त्याच वेळी ती दूरची कपाटं नव्याने जोडून घ्यायची. शुक्रवारी तिने जोडायचा प्रयत्न केला तेव्हा लाइन तुटलेली होती, म्हणून आमचं कपाट तिला मिळालंच नाही आणि तिने ते सोडून दिलं.

मग मी इथून त्या मशीनवर शिरले आणि ती यादी उघडली. पहिलंच नाव बेलापूरच्या कपाटाचं होतं. शेजारी इंग्रजीत टीप होती: तात्पुरते, एस. जे., आणि मंगळवारची तारीख.

एस. जे. म्हणजे सुमन जाधव. म्हणजे मी.

आठवायला दोन मिनिटं लागली. मंगळवारी डीटरच्या डिस्कवर जागा नव्हती, त्याला आमची एक फाइल नुसती दाखवायची होती, म्हणून मी आमचं कपाट तिकडे जोडलं होतं आणि यादीत सगळ्यात वर टाकलं होतं, दहा मिनिटांसाठी. दाखवून झालं. मग काय झालं? काही नाही. कोणी आजारी नव्हतं, फोन आला नव्हता, घाई नव्हती. जेवायची वेळ झाली होती आणि मी जेवायला गेले. एवढंच. मला अजूनही वाटतं की कारण काहीतरी मोठं असतं तर मी हे जास्त सहज सांगितलं असतं.

फाइली बदलणाऱ्यांची नावं मी रजिस्टरमध्ये शोधली होती. मशीनची यादी कोणी बदलली हे त्या रजिस्टरमध्ये येतच नव्हतं, कारण यादी बदलायचा अधिकार आमच्याकडे फक्त माझा होता. मी सगळ्यांना तपासलं होतं, एक मी सोडून.

सरांना जाऊन सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि उठून दार लावलं. मला वाटलं आता ओरडणार. ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "यादीतली ओळ काढा. बिल्ड जलद होईल. बाकीचं कोणाला सांगायचं नाही."

मी म्हटलं, "विजयचं काय?"

"त्याला कोणी काढलं नाही, जाधव. त्याने स्वतः राजीनामा दिलाय. तुम्ही लेखी दिलंय की कारण निश्चित आहे. आता चार दिवसांत ते चुकीचं होतं म्हणून कळवलं तर ते करार वाढवतील का? सव्वीस घरं आहेत."

मला खरा धक्का बसला तो इथे. सरांचा नाही, माझा. कारण मी मान हलवली. बाहेर आले, ओळ काढली. बुधवारी बिल्डला साडेतीन तास लागले, आणि लोकांनी पुन्हा माझं अभिनंदन केलं. मी ते घेतलं.

गुरुवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी दिवाळे गावात गेले. का गेले हे नीट सांगता येणार नाही. बुधवारी रात्री वडील जेवताना सहज म्हणाले होते की तो तुमचा कोळ्याचा पोरगा कधी जाणार परदेशात, आणि मी पान तसंच टाकून उठले होते.

विजयची आई घरासमोर जवळा वाळत घालत होती. मला तिने ओळखलं, पूजेला मी आले होते. बस म्हणाली नाही. हातातलं काम न थांबवता तिने विचारलं, "माज्या पोऱ्याचा चुकलाय का नाय, तवरा सांग बाय."

मी म्हटलं, "नाही. माझं चुकलं."

आतून विजय बाहेर आला. त्याने ऐकलं होतं. ओटीवर नोकरीचे अर्ज पसरलेले दिसत होते. मी त्याला सगळं सांगितलं, हिरवा दिवा, रजिस्टर, यादी. सांगताना मध्येच तो म्हणाला, "किती विचारणा?"

"चाळीस हजार."

"अर्धा सेकंद धरला तर..." त्याने डोळे मिटले. "साडेपाच तास! लाइनवरून शोधत होती?" आणि एक क्षणभर त्याचा चेहरा उजळला. कोडं सुटलं की आमच्या धंद्यातल्या माणसाचा चेहरा जसा होतो तसा. तो क्षण गेला. मग तो म्हणाला, "मी एकच मागितलं होतं, ताई. मोजा म्हटलं होतं."

मी माफी मागितली. बोलली ती त्याची आई. "आमाला कला सांगतेस? आमाला ठाव व्हता. ज्याला कागूद धारला त्याला सांग." खरं होतं, सांगायचं त्यांना कशाला, कागद मी डीटरला धाडला होता.

शुक्रवारी सकाळी मी सर यायच्या आधी ऑफिसात गेले आणि डीटरला फॅक्स केला. परवानगी घेतली नाही. लिहिलं की आधीचा अहवाल चुकीचा आहे, यादीतली ती ओळ मी घातली होती, विजय तांडेलचा या मंदपणाशी संबंध नाही. फॅक्सच्या मशीनमधून कागद आत सरकताना मला सव्वीस जणांच्या बायका, नवरे, मुलं दिसत होती. करार गेला तर माझ्यामुळे जाणार होता.

दुपारी उत्तर आलं. कारण समजले, आभारी आहे. पुढे एक प्रश्न होता: फक्त एका चाचणीवरून तुम्ही 'निश्चित' कसे म्हणालात? बस, इतकंच. पुढच्या आठवड्यात करार वाढला. ज्याच्या भीतीने आम्ही एका माणसाला बुडवलं ते होणारच नव्हतं. त्यांना चूक चालत होती, मोजलं नाही हे चालत नव्हतं.

भिडे सर माझ्याशी दोन महिने बोलले नाहीत. मला त्या कामावरून काढून गिऱ्हाइकांशी संबंध नसलेल्या एका विभागात बसवलं, ते योग्यच होतं. विजयला त्यांनी परत बोलावलं. तो आला नाही. निरोप पाठवला की तिथे आलो तर रोज तुमच्या सगळ्यांशी बोलावं लागेल. मी आणखी एक गोष्ट केली. दुरुस्तीचं पत्र मराठीत आणि इंग्रजीत टाइप करून, सही करून, त्याच्या फाइलीत लावायला कर्मचारी विभागात दिलं. तिथल्या बाईंनी ते घेतलं, वाचलं आणि ट्रेमध्ये ठेवलं. पत्र फाइलीत लावलं आहे, असं मी विजयला कळवलं. माझ्या मनावरचं ओझं तिथे उतरलं, असं मी पुढची अकरा वर्षं समजत होते.

अकरा वर्षांनी ऑफिस ऐरोलीला हललं. तोवर मी बऱ्यापैकी वरच्या जागेवर होते आणि जुनी कागदपत्रं कुठली ठेवायची, कुठली फाडायची, हे बघायचं काम माझ्याकडे आलं. सोडून गेलेल्यांच्या फाइलींचा गठ्ठा होता. मी मुद्दाम तांडेल शोधला.

फाइलीत त्याचा राजीनामा होता. माझा एक पानी अहवाल होता, माझ्या सहीसकट. दुरुस्तीचं पत्र नव्हतं. मी प्रत्येक कागद दोनदा उलटला. नव्हतं. त्याऐवजी तीन वेगवेगळ्या कंपन्यांची पत्रं होती, विजय तांडेल तुमच्याकडे होते, त्यांच्याविषयी कळवावे. तिन्हींना आमच्या ऑफिसने दिलेल्या उत्तरांच्या प्रती टाचलेल्या होत्या. तिन्हींत एकच वाक्य: गंभीर तांत्रिक चुकीमुळे प्रकल्पातून दूर केले होते. कोणी वाईट हेतूने लिहिलं नसणार. कारकुनाने फाइल उघडली, समोर जे होतं ते उतरवलं.

मी गोण्यांमध्ये भरलेल्या कागदांच्या मधोमध एका स्टुलावर बसले. मग नवं पत्र लिहिलं, सही-शिक्का केला, अहवालाच्या वर टाचलं. मेलेल्या घोड्याला पाणी पाजल्यासारखं ते होतं, पण केलं. त्यानंतर इकडून तिकडून विजयचा नंबर मिळवला. त्याचं घणसोली गावात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं, नेटवर्किंगची कामंही घ्यायचा. बरं चाललं होतं असं ज्यांनी नंबर दिला ते म्हणाले.

फोनवर त्याने मला लगेच ओळखलं. मी फाइलीचं सांगितलं. तो म्हणाला की माहीत आहे, तिसऱ्या ठिकाणी मुलाखत घेणाऱ्याने ते वाक्य त्याला वाचून दाखवलं होतं. त्यानंतर त्याने अर्ज करणं सोडलं.

मी म्हटलं, "मला का नाही सांगितलंस? मी तेव्हाच..."

"तुम्ही लावलं म्हणाला होतात ना कागद. तुमचं खरं मानलं. तो असूनही तेच लिहितात, असं वाटलं."

तोच पुढे म्हणाला, "तो अहवाल आता तुमच्यासमोर आहे का, ताई? मी कधी बघितलाच नाही. वाचून दाखवा."

मी वाचला. पहिल्या ओळीपासून सहीपर्यंत, सगळा. एक पान वाचायला दोन मिनिटंही लागत नाहीत. दुकानात मागे कोणीतरी त्याला हाक मारत होतं, तो थांबून ऐकत होता. माझं वाचून झालं.

मग म्हणाला, "इंग्रजी चांगलं होतं तुमचं," आणि गिऱ्हाईक आलंय म्हणून फोन ठेवला.